अखाजीचा झोका आणि छातीची धडधड

वैशाखात अक्षय्यतृतीया, म्हणजे आपली अखाजी आली की जळगाव-धुळ्याकडे निंबाच्या फांद्यांना झोके बांधले जातात. माहेरी आलेल्या लेकी गाणी म्हणत उंच झोके घेतात. झोका खाली येताना पोटात गोळा येतो, छाती धडधडते. ही धडधड निव्वळ भीतीची म्हणायची काय? याचा उलगडा व्हायला शास्त्राला दीडशे वर्षे लागली.

त्याचे एक मूळ कानात आहे. फ्रान्समध्ये फ्लूराँस याने १८२४ ते १८३० या काळात कबुतरांच्या अंतर्कर्णातील अर्धवर्तुळाकार नळ्या छेदून पाहिल्या. पाखरांना ऐकू येत राहिले. तोल मात्र गेला. तरीही डॉक्टरमंडळी घेरीचे कारण मेंदूत रक्त साचणे हेच धरीत आणि रोग्याचे रक्त काढीत! अशी घेरी कानातूनही येते, हे १८६१ साली पॅरिसच्या मेनिएरने सांगितले. पुढे व्हिएन्नाच्या बारानीला दिसले, की कान धुण्याचे पाणी फार गार वा गरम असले तर रोग्याला चक्कर येते. त्यावरून त्याने तोलाच्या मज्जातंतूची परीक्षा बसवली. १९१४ चे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले, तेव्हा तो रशियनांच्या कैदेत होता.

आता हृदयाकडे वळू. आपण उभे राहिलो की रक्त पायांकडे ओढ घेते. १९७४ साली डोबा आणि रीस यांनी मांजरांचे तोलाचे मज्जातंतू तोडून त्यांना डोके वर करून तिरपे केले, तो रक्तदाब नेहमीपेक्षा अधिक घसरला. म्हणजे मान हलताच कान मेंदूच्या देठाला वर्दी देतो आणि रक्तवाहिन्या व हृदय सावरून घेतात.

२०१३ साली जपानमधील संशोधकांनी दाखवले, की आई तान्ह्याला घेऊन चालू लागली की त्याचे रडणे थांबते, नाडीही मंदावते. यात स्पर्शाचा आणि स्नायूंच्या जाणिवेचाही वाटा आहे.

वय वाढले की कानातील ही यंत्रणा मंदावते. म्हणून घरातल्या आजीबाईंना पहाटे खाटेवरून एकदम उठू देऊ नका. घटकाभर काठावर बसू द्या. हृदयाने सावरायला तेवढी उसंत हवी.