व्याकरणाचं पुस्तक नेमकं कुणाच्या लेकरासाठी लिहिलेलं असतं?

परवा लातूरहून भाचीचा फोन आला. तिची दोन लेकरं शाळेत जात नाहीत, घरीच शिकतात. मोठी अकराची, धाकटा आठचा. म्हणाली, "मामा, तुम्ही नांदेडात तीस वर्षं इंग्रजी शिकवली. व्याकरणाचं एकच पुस्तक सांगा. इथं जो तो वेगळं सांगायलाय. कुणी रेन-मार्टिन म्हणतो, कुणी तर्खडकर, कुणी म्हणतो मोबाइलवर सगळं आहे."

मी म्हणालो, "बाई, दोन दिवस दे." उत्तर लिहायला बसलो आणि आजोबा आठवले. म्हणून ते सगळ्यांसाठीच इथं लिहितोय.

आजोबा निजामाच्या राज्यात शिकले. घरात मराठी, शाळेत उर्दू. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ सुरू झालं. एका भारतीय भाषेतून सगळं उच्च शिक्षण देणारं ते विद्यापीठ, ही मोठीच गोष्ट होती. पण ती भाषा उर्दू होती आणि मराठवाड्यातल्या बहुतेक घरांची ती नव्हती. इंग्रजी तिथं सक्तीचा विषय म्हणून होतीच. त्यामुळे आजोबांना नाम म्हणजे 'इस्म', क्रियापद म्हणजे 'फेल', कर्ता म्हणजे 'फाइल' असं पाठ. इंग्रजी वाक्याचं आधी उर्दू करायचं, मग मनातल्या मनात मराठी.

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं. आनंदच झाला. पण उर्दूत सुंदर अक्षर असलेले आजोबा एका कचेरीत कारकून होते आणि वरून येणारे कागद हळूहळू इंग्रजीत यायला लागले. व्याख्या सगळ्या तोंडपाठ, पण चार ओळींचा अर्ज लिहिताना हात थांबायचा. त्यांच्यामागून आलेले पुढे गेले. ते शेवटपर्यंत म्हणायचे, "मला ग्रामर येतं, इंग्रजी येत नाही." लहानपणी आम्ही त्यावर हसायचो. मास्तर झाल्यावर हसू गेलं, कारण माझ्या वर्गातली निम्मी लेकरं तशीच होती.

आता पुस्तकांकडे येऊ. पुस्तक निवडताना आपण किंमत बघतो, पानं बघतो, मागं उत्तरं आहेत का बघतो. ते कुणासाठी लिहिलं होतं, हे मात्र बघत नाही.

१७९५ साली इंग्लंडातल्या यॉर्क इथं लिंडली मरे नावाच्या गृहस्थाने इंग्रजीचं व्याकरण लिहिलं. हा मूळचा अमेरिकेतला वकील आणि व्यापारी. लिहिलं तिथल्या मुलींच्या एका शाळेसाठी. त्या मुलींना इंग्रजी येतच होती, ती शुद्ध कशी बोलावी-लिहावी एवढंच शिकवायचं होतं. पुढं हे पुस्तक इंग्रजांबरोबर जगभर गेलं, मुंबईलाही आलं.

मुंबईत दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण लिहिलं आणि त्याचा साचा इंग्रजी व्याकरणावरून, मुख्यतः या मरेवरून घेतला. आपण शाळेत शिकलो त्या शब्दांच्या आठ जाती, नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद वगैरे, ही मांडणी मराठीत तिथून रुजली. पुढं १९११ साली मोरो केशव दामल्यांनी 'शास्त्रीय मराठी व्याकरण' लिहून या विषयाची बारकाईने फेरतपासणी केली, पण शाळेत आठ जाती टिकल्या त्या टिकल्याच.

याचा घरी शिकवणाऱ्या आईला काय उपयोग? मोठा आहे. ज्या लेकराला मराठीतलं नाम, विशेषण, क्रियापद ओळखता येतं, त्याला इंग्रजीतला तो धडा नव्याने शिकवायची गरज नाही. नुसतं नाव बदलतं. त्यासाठी वेगळं महागडं पुस्तक कशाला?

मात्र हा पूल सगळीकडे पक्का नाही. 'रामाने आंबा खाल्ला' हा मराठीत कर्मणी प्रयोग. क्रियापद आंब्याच्या मागं जातं, म्हणून. हेच वाक्य इंग्रजीत सरळ ॲक्टिव्ह व्हॉइस. 'कर्मणी म्हणजे पॅसिव्ह' असं घोकलेलं हुशार लेकरू इथं हमखास पडतं, आणि आपण म्हणतो त्याचं लक्ष नाही.

आता रेन आणि मार्टिन. यातला पी. सी. रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरी केलेला माणूस, पुढं कादंबरीकार म्हणून गाजला. हे व्याकरण १९३० च्या दशकातलं. हिंदुस्थानात राहणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या मुलांना डोळ्यासमोर ठेवून ते लिहिलं गेलं, असं सांगितलं जातं. पुस्तक उत्तम आहे, माझ्या टेबलावर आजही आहे. पण ते पहिल्या पानापासून गृहीत धरतं की लेकराच्या कानात इंग्रजी आहे.

आपल्या लेकराच्या कानात काय आहे? 'मी पाच वर्षांपासून लातूरला राहतो.' इथं मराठीला एकच 'पासून' पुरतो आणि वर्तमानकाळही चालतो. म्हणून लेकरू लिहितं, 'आय ॲम लिव्हिंग इन लातूर सिन्स फाइव्ह इयर्स.' 'सिन्स' कुठं आणि 'फॉर' कुठं याचा नियम रेन-मार्टिनमध्ये आहे. चूक का होते, हे मात्र त्यात नाही, कारण ते लिहिणाऱ्याला मराठी लेकरू भेटायचंच नव्हतं. 'टेबलावर' म्हणताना 'वर' मागं लागतो, इंग्रजीत 'ऑन' पुढं येतो. 'अ' आणि 'द' तर आपल्याकडं नाहीतच. आपल्या लेकरांच्या निम्म्या चुका अशा ठरावीक जागीच होतात.

तर्खडकरांच्या नावाने चालत आलेली भाषांतर पाठमाला नेमकं हेच ओळखून होती. मराठी वाक्य घ्या, इंग्रजी करा, उलटं करा. नवं म्हणून मिरवणाऱ्यांनी तिला जुनाट ठरवलं. मी म्हणतो, तिची वाक्यं जुनी झाली, रीत नाही.

आणि घरी इंग्रजी शिकणं हे काही आजचं खूळ नाही. रमाबाई रानडे १८७३ साली अकराव्या वर्षी सासरी आल्या. न्यायमूर्तींनी त्यांना घरीच मराठी आणि मग इंग्रजी शिकवली. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचा विरोध होता, टोमणे होते. भाचीलाही सध्या तेच ऐकावं लागतं, "शाळा सोडून काय मांडलंय हे?"

आपल्या भागात उशीर तसाही फार झाला. नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं १९५० साली, लातूरला दयानंद कॉलेज १९६१ मध्ये. पहिलीपासून इंग्रजी राज्यभर आली ती २००० साली. आज खेड्यातलं मराठी माध्यमाचं पोरगं 'लातूर पॅटर्न' म्हणून अकरावीला शहरात येतं आणि जीवशास्त्राचं इंग्रजी पुस्तक उघडतं. त्यात पानोपानी 'इज कॉल्ड', 'आर फाउंड', 'वॉज डिस्कव्हर्ड'. हुशारी असून पहिले चार महिने तिथंच जातात. काही जण परत जातात. आजोबांचा हात थांबायचा, तसंच हे.

म्हणून भाचीला जे सांगितलं ते असं. धाकट्याला व्याकरणाचं पुस्तकच नको. दोन वर्षं रोज गोष्टी वाचून दाखव, बोल, ऐकव. मोठीला आधी मराठी व्याकरण पक्कं कर, मग मराठीवरून इंग्रजीत जाणारं कोणतंही भाषांतराचं पुस्तक, रोज दहा वाक्यं. चुकांची वही ठेव, महिनाभराने बघ कोणती चूक परत परत येते. तोच तुझा अभ्यासक्रम. रेन-मार्टिन घरात असू दे, अडलं की बघायला. पुढं दहावीला १७ नंबरचा फॉर्म भर किंवा एनआयओएसमधून बसव, त्याचे जुने पेपर बाराव्या वर्षापासून बघत जा.

भाचीने एक रास्त शंका काढली. "मामा, सारखं भाषांतर केलं तर बोलताना पण डोक्यात आधी मराठीच येईल ना?" येईल. मी स्वतः आजही अडखळतो. म्हणून वाचन आणि ऐकणं सोडायचं नाही, एवढंच माझ्याकडं उत्तर आहे.

नांदेड, लातूर, धाराशिव, परभणीकडच्या मित्रांनो, तुमच्या घरी इंग्रजी व्याकरणाचं कोणतं पुस्तक होतं? आजोबा-पणजोबा उर्दूतून इंग्रजी शिकले असतील, तर त्यांच्या वह्या कुणाकडे आहेत का? असतील तर सांगा, मी येऊन बघतो.