तळ्यात मोरचूद

नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला किंवा कोकणातल्या सुपारीवाल्याला मोरचुदाची ओळख करून द्यावी लागत नाही. शंभर लिटर पाणी, किलोभर मोरचूद, किलोभर चुना, की एक टक्क्याचं बोर्डो मिश्रण तयार. पाऊस लागायच्या आधी सुपारीच्या घोसांवर ही फवारणी झाली नाही, तर कोळे रोगाने फळगळ ठरलेली. निळ्याशार खड्यांचं हे रसायन, म्हणजे कॉपर सल्फेट, बागेतून पिण्याच्या पाण्याच्या तळ्यात कसं पोचलं, तिथे पाऊणशे वर्षं त्याला कसा मान मिळाला आणि शेवटी ते एका बेटावरच्या मुलांच्या जिवावर कसं उठलं, त्याची ही कुळकथा.

बागेतली हकिगत बऱ्याच जणांना ठाऊक असते. ऑक्टोबर 1882 मध्ये फ्रान्समधल्या मेदोक भागात पिएर मिलार्दे हे वनस्पतिशास्त्रज्ञ द्राक्षमळ्यांतून हिंडत होते. केवडा रोगाने वेलींची पानं झडून गेली होती, फक्त रस्त्याकडेच्या ओळी हिरव्यागार होत्या. चौकशीत कळलं, की येणारेजाणारे घड तोडतात म्हणून मळेवाल्यांनी त्या ओळींवर मोरचूद आणि चुना शिंपडला होता. निळसर डाग पाहून चोर बिचकावा, एवढाच हेतू. रोगही बिचकला हे मिलार्दे यांनी ओळखलं, प्रयोग केले आणि 1885 मध्ये बोर्डो मिश्रण जगापुढे ठेवलं.

तळ्यातली हकिगत मात्र फारशी कुणी सांगत नाही. तिची सुरुवात कार्ल नेगेली या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत झाली. त्याच्याकडे स्पायरोगायरा होतं, म्हणजे साचलेल्या पाण्यात केसांच्या बटांसारखं वाढणारं, बोटाला बुळबुळीत लागणारं तंतुमय शेवाळ. ते काही पाण्यांत टिकायचं, काहींत मरून जायचं. नेगेलीने माग काढला, तेव्हा दोषी निघालं तांबं. तांब्याच्या भांड्यातून किंवा नळातून आलेलं, तांब्याचं नाणं नुसतं बुडवून ठेवलेलं पाणीदेखील शेवाळाला पुरत होतं. त्या पाण्यात तांबं किती, तर कित्येक कोटी भागांत एक भाग. नेगेली 1891 मध्ये वारला आणि हे निष्कर्ष दोन वर्षांनी, 1893 मध्ये छापून आले.

त्याच सुमाराला अमेरिकेतली शहरं एका वेगळ्याच त्रासाने गांजली होती. पाणीपुरवठ्यासाठी त्यांनी मोठमोठे जलाशय बांधले होते आणि उन्हाळा आला की त्या पाण्याला वास मारायचा. जॉर्ज व्हिपल यांनी 1899 मध्ये पिण्याच्या पाण्याच्या सूक्ष्मदर्शी तपासणीवर पुस्तक लिहिलं. त्यात कोणत्या जिवामुळे कोणता वास येतो, हे नोंदवलेलं आहे. एकाचा वास माशाच्या तेलाचा, दुसऱ्याचा काकडीचा, तिसऱ्याचा जिरेनियमच्या पानांचा. ॲनाबीना नावाच्या निळ्या-हिरव्या शेवाळाचा वास आधी कुजक्या गवताचा आणि ते सडलं की थेट डुकरांच्या गोठ्याचा. लोक तक्रारी करत. अभियंत्यांच्या हातात मात्र तळं रिकामं करून घासणं किंवा त्यावर छप्पर घालणं, एवढंच होतं.

अमेरिकेच्या कृषी खात्यातले वनस्पतिशास्त्रज्ञ जॉर्ज मूर यांच्याकडे 1901 च्या सुमारास व्हर्जिनियातले शेतकरी आले. ते वॉटरक्रेस ही पाण्यात वाढणारी पालेभाजी लावायचे आणि स्पायरोगायरा त्यांचे वाफे गिळून टाकत होतं. शेवाळ मरावं आणि भाजी जगावी, अशी काही युक्ती त्यांना हवी होती. मूर यांनी पाण्यात अगदी थोडं मोरचूद सोडलं. शेवाळ गेलं, भाजी राहिली. जे वाफ्यात साधतं ते जलाशयात का साधू नये, हा पुढचा प्रश्न मूर आणि त्यांचे सहकारी कार्ल केलरमन यांनी हाती घेतला. 1904 मध्ये कृषी खात्याची 64 क्रमांकाची पुस्तिका निघाली आणि तिने पाणीपुरवठ्याचं जग हलवून सोडलं.

पुस्तिकेतली कृती कुणालाही जमेल अशी होती. हवं तेवढं मोरचूद तोलून गोणपाटाच्या पोत्यात भरायचं, पोतं वल्ह्याच्या होडीच्या मागच्या टोकाला बांधायचं आणि ते पाण्यात बुडेल असं सोडून होडी हळूहळू वल्हवत न्यायची. एक फेरी झाली की दहा-वीस फूट सरकून तिला समांतर दुसरी. तासाभरात शंभर पौंड मोरचूद विरघळून जाई. मात्रा साधारण दहा लाख लिटर पाण्याला एक किलो, बहुतेकदा त्याहूनही कमी. शेवाळाची जात, पाण्याचं तापमान, त्यातला क्षार आणि गाळ पाहून मात्रा बदला, असं मूर यांनी बजावलं होतं. चार-पाच दिवसांत वास जायचा. ज्या कामाला आधी महिने आणि मोठा खर्च लागे, ते दोन माणसं एका होडीत बसून उरकू लागली.

मूर आणि केलरमन यांचा दावा शेवाळापुरता नव्हता. तांब्याने टायफॉइडचे जंतूही मरतात, असं त्यांनी प्रयोगांवरून मांडलं आणि पाणी तांब्याच्या भांड्यात ठेवण्याचीही शिफारस केली. आपल्या घराघरांत तांब्याचा हंडा होताच. जंतूंच्या आघाडीवर मात्र 1908 मध्ये जर्सी सिटीच्या पाण्यात क्लोरीन आलं आणि मोरचूद मागे पडलं. शेवाळाच्या आघाडीवर त्याची सत्ता कायम राहिली, जगभर.

आता या कथेतली दुसरी शाखा. शेवाळाला नुसता वास नसतो, काही शेवाळांत विष असतं, हे मूर यांच्या पुस्तिकेच्या सव्वीस वर्षं आधीच छापून आलं होतं. 1878 मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात ॲडलेडच्या जॉर्ज फ्रान्सिस यांचं एक टिपण आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियात मरे नदीच्या मुखाशी असलेल्या अलेक्झांड्रिना सरोवरावर हिरव्या ऑइल पेंटसारखा दोन ते सहा इंच जाड तवंग धरला होता आणि ते पाणी प्यालेली गुरं-मेंढरं मरत होती. फ्रान्सिस यांनी तवंग गोळा करून एका मेंढीला पाजला. पंधरा तासांत ती मेली. इतका स्वच्छ पुरावा असूनही पुढची शंभर वर्षं हा विषय गुरांच्या डॉक्टरांकडे राहिला आणि मोरचुदाची होडी पाणीपुरवठ्याच्या अभियंत्यांकडे. दोघांनी एकमेकांचं वाचलं नाही. माझ्या मते या साऱ्या कथेतली सगळ्यात महागात पडलेली गोष्ट हीच.

ऑस्ट्रेलियातच, क्वीन्सलंड राज्यातल्या टाउन्सव्हिलजवळ समुद्रात पाम आयलंड हे बेट आहे. विसाव्या शतकात सरकारने आदिवासींना त्यांच्या मुलखातून उचलून तिथे आणून वसवलं. बेटाला पाणी सॉलोमन धरणाचं. 1979 मध्ये लोकांनी पाण्याला वास आणि चव येते अशी तक्रार केली. तक्रार रास्त होती आणि उपाय पुस्तकातला होता. धरणात मोरचूद टाकलं गेलं. काही दिवसांतच, नोव्हेंबरमध्ये, मुलं आजारी पडू लागली. आधी उलट्या आणि पोटदुखी, यकृत सुजलेलं, मग लघवीतून साखर आणि प्रथिनं जाऊ लागलेली, काहींना रक्ताची हगवण. एकूण 148 जण आजारी पडले आणि त्यांत बहुतेक सगळी मुलंच. अनेकांना शिरेतून सलाइन द्यावं लागलं, काहींना विमानाने टाउन्सव्हिलच्या इस्पितळात हलवावं लागलं. सुदैवाने कुणी दगावलं नाही.

डॉक्टरांनी कावीळ तपासली, निरनिराळी विषं तपासली, काही हाती लागलं नाही. ‘पाम आयलंडचा गूढ आजार’ हेच नाव वैद्यकीय नियतकालिकात छापलं गेलं. धागा जुळला तो पाण्याशी. ज्यांच्या घरी धरणाचं पाणी येत नव्हतं, ते आजारी पडले नव्हते. पुढे धरणातलं शेवाळ प्रयोगशाळेत वाढवून उंदरांना दिलं, तेव्हा त्यांच्या यकृताची आणि मूत्रपिंडांची तशीच नासाडी झाली. 1992 मध्ये त्या विषाची रचना उलगडली आणि शेवाळाच्या शास्त्रीय नावावरूनच त्याला सिलिंड्रोस्पर्मोप्सिन हे नाव पडलं. सगळा दोष मोरचुदातल्या तांब्याचाच, असंही एका संशोधकाने मांडलं. पण त्याच्या बाजूने फार जण उभे राहिले नाहीत.

घडलं होतं ते असं. शेवाळाच्या जिवंत पेशीत पुष्कळसं विष आतच राहतं. तोवर गाळणीत किंवा तुरटीच्या गाळात पेशी अडवली, तर तिच्याबरोबर विषही अडतं. मोरचुदाने पेशीचं आवरण फुटतं आणि सगळं विष एकदम पाण्यात उतरतं. विरघळलेलं विष वाळूच्या गाळणीला अडत नाही. म्हणजे तक्रारीवरचा उपाय हाच त्या पाण्यात विष मोकळं करणारा ठरला. पाम आयलंडनंतर दोनच वर्षांनी न्यू साउथ वेल्समधल्या आर्मिडेल शहराच्या माल्पास धरणावर मायक्रोसिस्टिस शेवाळाचा तवंग आला आणि त्यावरही मोरचूद टाकलं गेलं. तिथल्या इयन फाल्कनर यांनी शहराच्या रक्ततपासण्यांचे जुने कागद काढले. त्या काळात ते पाणी पिणाऱ्यांच्या रक्तात यकृताला इजा झाल्याचं दाखवणारं एक विकर वाढलेलं होतं, शेजारच्या भागात वाढलेलं नव्हतं.

तिकडे अमेरिकेतही हिशेब पुढे आला. मिनेसोटातल्या फेअरमॉन्ट गावच्या तळ्यांत 58 वर्षं मोरचूद पडत होतं. 1984 मध्ये त्याचा लेखाजोखा छापला गेला. शेवाळ मरायचं, सडायचं, पाण्यातला प्राणवायू खायचा, मासे मरायचे. सडलेल्या शेवाळातलं फॉस्फरस परत पाण्यात यायचं आणि एक ते तीन आठवड्यांत तवंग पुन्हा हजर. तळाच्या गाळात तांबं साठत गेलं, पाणवनस्पती नाहीशा झाल्या, चांगले मासे गेले. शेवाळ मात्र मोरचुदाला सरावलं आणि हिरव्याच्या जागी निळं-हिरवं, म्हणजे विषारी होऊ शकणारं, वाढलं.

फॉस्फरस हे नाव आलंच आहे, तर कॅनडातला एक प्रयोग सांगायला हवा. 1973 मध्ये डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑन्टेरिओतल्या 226 क्रमांकाच्या तळ्याच्या अरुंद गळ्याशी प्लॅस्टिकचा पडदा बांधून त्याचे दोन भाग केले. दोन्हीकडे कार्बन आणि नायट्रोजन घातलं, एकाच बाजूला वर फॉस्फरसही. काही आठवड्यांत ती बाजू हिरवीगार झाली, पडद्यापलीकडची तशीच निवळ राहिली. वरून काढलेल्या एका छायाचित्राने धुण्याच्या पावडरीतल्या फॉस्फेटचा वाद मिटवायला मोठी मदत केली. सिएटलच्या लोकांनी तर त्याआधीच, 1958 मध्ये, मतदान करून वॉशिंग्टन सरोवरात जाणारं सांडपाणी बाहेर वळवायचा खर्च अंगावर घेतला होता. 1968 पर्यंत ते काम पुरं झालं आणि सरोवर मोरचुदाशिवाय निवळलं.

आजचे बरेचसे उपाय फॉस्फरसबद्दलच्या याच समजुतीतून आलेत. स्वीडनमध्ये 1968 पासून तळ्यांत तुरटी टाकून फॉस्फरस तळाशी बांधून ठेवायला सुरुवात झाली. आपल्या घरात गढूळ पाण्यात फिरवतात त्याच जातीची तुरटी. ऑस्ट्रेलियात लँथॅनम मिसळलेली माती आली. नेदरलँड्समध्ये 2009 साली एका तळ्यात लिटरला सुमारे दोन मिलिग्रॅम इतकंच हायड्रोजन पेरॉक्साइड सोडलं. निळं-हिरवं शेवाळ मेलं, बाकीच्या जिवांना फारसा धक्का लागला नाही आणि औषधाचं शेवटी पाणी अन् प्राणवायूच झालं. हे सगळे उपाय उपयोगी आहेत, पण नाला तळ्यात येत असेल तोवर ते दरसाल करत बसावे लागतात.

आपल्याकडे हा विषय परका नाही. कोल्हापूरच्या रंकाळ्याचं पाणी सांडपाण्याने हिरवं पडल्याच्या बातम्या कोल्हापूरकरांनी किती वेळा वाचल्या असतील. गावतळ्यांत, पाझर तलावांत, शहराच्या खालच्या अंगाच्या जलाशयांत मैलापाणी आणि शेतातलं खत दोन्ही उतरतं. अशा वेळी कुणीतरी सुचवतंच, की कृषी सेवा केंद्रातून दोन किलो मोरचूद आणा आणि टाका. पिण्याच्या पाण्यात तवंग धरलेला असताना हे कुणी करू नये. गुरांना त्या काठावर पाणी पाजू नये, वारा ज्या काठाला तवंग लोटतो तिथे तर मुळीच नाही. आणि उकळून पिऊ म्हणाल, तर तेही नको. मायक्रोसिस्टिस शेवाळाचं मायक्रोसिस्टिन हे विष उकळीने नष्ट होत नाही, उलट पाणी आटून ते दाट होतं. ऑगस्ट 2014 मध्ये ईरी सरोवरावरच्या टोलेडो शहरात चार लाखांहून अधिक लोकांना पाणी पिऊ नका असं सांगितलं गेलं, तेव्हा उकळूही नका, ही सूचना त्यासोबतच होती. तवंग दिसला तर दुसरं पाणी शोधा, ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला लेखी कळवा, पाण्याचा नमुना तपासायला लावा, आणि तळ्यात येणारा नाला कुठून येतो हे त्याच अर्जात विचारा.