पान्हा, फूका आणि सुई : एका संप्रेरकाच्या वापराचा इतिहास

माघ महिन्यातील पाच रविवारी कोल्हापूरकर मंडळी जोतिबाचे खेटे घालतात. पहाटे पंचगंगेवर स्नान करावयाचे, शिवाजी पूल ओलांडावयाचा आणि वडणगे, निगवे, कुशिरे या गावांवरून अनवाणी डोंगर चढून वाडी रत्नागिरीस पोहोचावयाचे, असा हा क्रम आहे. या वाटेवर अंधारात प्रथम कानी पडतो तो गोठ्यांतील धारांचा आवाज. त्याच्या आधीची दोन-चार मिनिटे मात्र निःशब्द असतात. रेडकू सोडलेले असते, ते कासेला ढुशा देत असते आणि धार काढणारा हात राखून बसलेला असतो. तो पान्ह्याची वाट पाहत असतो.

प्रस्तुत लेखाचा विषय या प्रतीक्षेचा इतिहास हा आहे. कारण ही प्रतीक्षा टाळण्यासाठी माणसाने जे उपाय शोधले त्यांतूनच ऑक्सिटोसिन या कृत्रिम संप्रेरकाच्या धोक्यांचा आणि त्यावरील निर्बंधांचा प्रश्न आपल्याकडे उभा राहिला. भाषेने येथे एक भेद फार पूर्वीच केलेला आहे. कासेत दूध असणे निराळे आणि म्हशीने पान्हा सोडणे निराळे, हे मराठी बोलणाऱ्या कोणाही गवळ्यास सांगावे लागत नाही. दूध असूनही जनावर ‘पान्हा चोरते’ ही तक्रार त्याच्या नित्याच्या बोलण्यातली आहे. शरीरक्रियाशास्त्राला मात्र दुधाची उत्पत्ती आणि दुधाचे उत्सर्जन या दोन स्वतंत्र क्रिया आहेत हे प्रयोगाने ठरविण्यास विसावे शतक उजाडावे लागले.

1906 मध्ये हेन्री डेल यांनी मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीच्या मागील भागाचा अर्क मांजरीस टोचला, तेव्हा गर्भाशयाचे आकुंचन होते असे त्यांना आढळले. चारच वर्षांनी, 1910 मध्ये, ऑट आणि स्कॉट यांनी तोच अर्क शेळीस दिला आणि तिच्या सडांतून दूध वाहू लागले. एकच द्रव्य प्रसूतीस आणि स्तन्यास कारण होते, ही गोष्ट अशा रीतीने दोन निरनिराळ्या प्रयोगांतून पुढे आली. 1928 मध्ये पार्क-डेव्हिस कंपनीतील ऑलिव्हर काम आणि त्यांचे सहकारी यांनी त्या अर्कातील दोन घटक वेगळे केले. पुढे न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट द्यू व्हीन्यो यांनी त्यांपैकी ऑक्सिटोसिनची घटना उलगडली. त्यात केवळ नऊ अमिनो आम्ले आहेत. 1953 मध्ये त्यांनी ते प्रयोगशाळेत घडविले. 1955 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले त्यामागे हे कार्य होते. तोवर हे औषध कत्तलखान्यातून आणलेल्या ग्रंथींवर अवलंबून होते. यापुढे ते कारखान्यात हवे तितके करता येऊ लागले.

आमच्या विषयाच्या दृष्टीने 1941 हे वर्ष याहूनही महत्त्वाचे आहे. त्या वर्षी इली आणि पीटरसन यांनी गाईंवरील प्रयोगांतून पान्ह्याची उपपत्ती मांडली : सडांना होणारा स्पर्श मज्जातंतूंवाटे मेंदूस पोहोचतो, पोष ग्रंथी संप्रेरक सोडते, ते रक्तातून कासेत येते आणि सूक्ष्म दुग्धकोशिका आवळून दूध खाली उतरविते. जनावर भ्याले की ही क्रिया अडते. त्याच वर्षी फर्ग्युसन यांनी सशांवरील प्रयोगांनी दाखविले की, प्रसूतिमार्ग ताणला गेला असता हेच संप्रेरक स्रवते. हे दोन निष्कर्ष शेजारी ठेवून पाहिले म्हणजे आपल्याकडील एका जुन्या, घृणास्पद प्रथेचा उलगडा होतो.

ती प्रथा म्हणजे फूका. गाईच्या अथवा म्हशीच्या योनिमार्गात नळीने हवा फुंकून वा अन्य वस्तू खुपसून तिला पान्हवावयास लावणे, असे तिचे स्वरूप होते. 1890 च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यात तीस शिक्षा सांगितलेली होती. गांधीजींनी 1912 मध्ये टॉलस्टॉय फार्मवर दूध सोडले. फूक्याविषयीची शिसारी हे त्यामागील एक कारण असल्याचे त्यांनीच आत्मकथेत नोंदविले आहे. 1919 च्या आरंभी मुंबईस डॉ. दलाल यांनी त्यांना शक्तीसाठी दूध घेण्याचा आग्रह केला, तेव्हा कस्तुरबांनी सुचविलेल्या शेळीच्या दुधावर तडजोड झाली. ही हकिकत सर्वश्रुत आहे. सहसा लक्षात न येणारी गोष्ट अशी की, फूका करणाऱ्यास आपण जनावराच्या मेंदूतून एक संप्रेरक बळाने काढीत आहोत याची यत्किंचितही कल्पना नव्हती. पुढे सुईने बाहेरून जे घालण्यात आले तेच तो आतून ओढून काढीत होता. साधन बदलले, द्रव्य बदलले नाही.

मग मूळ अडचण कोणती? ती म्हशीच्या शरीररचनेत आणि शहरातील दुधाच्या व्यापारात अशी दोन्हीकडे आहे. गाईच्या कासेतील सुमारे 20 टक्के दूध सडांवरील पोकळीत आधीच उतरलेले असते, ते पान्ह्यावाचूनही काढता येते. म्हशीत हे प्रमाण जेमतेम 5 टक्के असते. शिवाय म्हशीस पान्हा सोडण्यास गाईपेक्षा अधिक वेळ लागतो. म्हणजे पान्ह्यावाचून म्हैस दुभती असून नसल्यासारखीच. खेड्यात हे काम रेडकू करते. परंतु मुंबईसारख्या शहरातील तबेल्यात जागा तोलूनमापून घेतलेली, चारा विकतचा. तेथे रेडकाने प्यालेले दूध हा मालकास निव्वळ तोटा वाटे. 1949 मध्ये आरे दुग्धवसाहत उभारून म्हशी शहराबाहेर नेण्याचा मोठा प्रयत्न झाला, तरी रेडकाचा हिशेब त्यामुळे बदलला नाही. रेडकू उपासमारीने मरे आणि म्हैस पान्हा चोरू लागे. मेलेल्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून तो तिच्यापुढे ठेवण्याची युक्ती पुष्कळ ठिकाणी चाले. स्वस्त कृत्रिम ऑक्सिटोसिन बाजारात आल्यावर या युक्तीचीही गरज उरली नाही. एक सुई टोचली की मिनिटा-दोन मिनिटांत कास मोकळी होई. रोज टोचल्याने मात्र जनावराची स्वाभाविक प्रतिक्रिया मंदावते आणि पुढे ते सुईवाचून पान्हवेनासे होते.

येथे या द्रव्याच्या कारखान्यातील रूपाकडे वळले पाहिजे. कारण धोक्याचे खरे परिमाण तेथे कळते. शुद्ध ऑक्सिटोसिन ही पांढरी, हलकी भुकटी असते. तिच्या एका मिलिग्रॅमात सुमारे 600 आंतरराष्ट्रीय एकके सामावतात. प्रसूतिगृहात वापरली जाणारी एक कुपी 5 एककांची धरली, तर एका ग्रॅम भुकटीतून सुमारे 1,20,000 कुप्या होतील! चिमूटभर द्रव्य वाट चुकले तरी केवढा साठा गुप्तपणे तयार होऊ शकतो, हे यावरून ध्यानी यावे. ही भुकटी पोटात गेल्यास पाचकरस तिचा नाश करतात. नाकाच्या अंतस्त्वचेतून मात्र ती रक्तात शिरते. बाळंतिणीस दूध उतरावे म्हणून ऑक्सिटोसिनचा नाकात मारावयाचा फवाराच एके काळी विकला जाई. म्हणूनच तिचे वजन करणे, ती मिसळणे ही कामे बंदिस्त पेटीत, हातमोजे व मुखपट्टी वापरून करावी लागतात आणि गर्भवती कामगार स्त्रीस त्या खोलीपासून दूर ठेवावे लागते. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्यसंस्थेने 2016 च्या धोकादायक औषधांच्या यादीत ऑक्सिटोसिनचा समावेश केला तो शेवटच्या तिमाहीतील गर्भवतींना असलेल्या धोक्यामुळेच. ज्या गोठ्यात बिनलेबल बाटलीतून सुई भरली जाते तेथे हे नियम पोहोचणार कसे? आणि तेथे धार काढणारी कित्येकदा घरची सून असते.

कायद्याची पावले या प्रश्नामागे सावकाश पडली. 1960 च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या 12 व्या कलमाने फूका पुन्हा निषिद्ध ठरविला. 1982 च्या दुरुस्तीने दूध वाढविण्यासाठी कोणतेही अपायकारक द्रव्य टोचणे त्याच कलमात आणले. विधिमंडळास शरीरक्रियाशास्त्र अभिप्रेत नसावे, पण फूका आणि सुई यांना एका ओळीत बसवून त्याने शास्त्रीयदृष्ट्या अचूक काम केले. 17 जानेवारी 2014 च्या अधिसूचनेने रोख प्रथमच मूळ भुकटीकडे वळला : ती परवानाधारक औषधनिर्मात्यासच पुरवावी आणि पशूंसाठीचे औषध पशुवैद्यकीय रुग्णालयांसच विकावे, असे ठरले. आमच्या मते सर्व उपायांत हाच उपाय मुळावर बोट ठेवणारा होता.

त्याची पुरती पारख होण्यापूर्वीच 27 एप्रिल 2018 रोजी केंद्र सरकारने देशांतर्गत वापरासाठी ऑक्सिटोसिन बनविण्यास खाजगी कारखान्यांना मनाई केली. उत्पादनाचा अधिकार कर्नाटक अँटिबायॉटिक्स अँड फार्मास्युटिकल्स या एकाच सरकारी कंपनीकडे राहावयाचा होता. आता तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय होते ते पाहावे. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबविण्यासाठी 10 एककांचे हेच इंजेक्शन प्रथम देतात. त्यावाचून स्त्री तासा-दोन तासांत दगावू शकते. (हेच औषध अडाणी हातांनी कळा वाढविण्यासाठी वापरल्यास गर्भाशय फाटते, हेही खरे.) ते 2 ते 8 अंश तपमानात राखावे लागते. एकाच कारखान्यातून निघालेला पुरवठा डोंगरवाडीवरील आरोग्यकेंद्रापर्यंत वेळेवर आणि थंड स्थितीत पोहोचेल याची हमी कोण देणार होते? औषधनिर्मात्यांनी आणि ऑल इंडिया ड्रग ॲक्शन नेटवर्कने दाद मागितली. 14 डिसेंबर 2018 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ती मनाई रद्द ठरविली. तुटवड्यामुळे मातांवर ओढवणाऱ्या संकटाचा विचारच झाला नाही, हा त्या निर्णयातील एक प्रमुख आधार होता. 2019 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपविला.

सुईच्या दुधामुळे मुली अकाली वयात येतात असा समज लोकांत फार पसरलेला आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या अभ्यासात टोचलेल्या म्हशींच्या दुधात या संप्रेरकाचे प्रमाण वाढलेले दिसले नाही. आणि जे असते ते पोटात पचून जाते. हानी झाली ती दूध पिणाऱ्याची नव्हे. ती म्हशीची, रेडकाची आणि सुई हाताळणाऱ्याची.

खेट्याची वाट जेथून सुरू होते त्या भागात, गंगावेशीत, एक निराळी परंपरा पाहावयास मिळते. लांब शिंगांच्या पंढरपुरी म्हशी रस्त्यावर उभ्या करून गिऱ्हाइकापुढे धार काढावयाची आणि धारोष्ण दुधाचा पेला तेथेच हाती द्यावयाचा, ही कोल्हापूरच्या गवळ्यांची रीत आहे. तालमीतील मल्लांनी ती जोपासली. गजबजलेल्या रस्त्यावर, एकाच वेळी सगळे दूध न काढता गिऱ्हाइकागणिक थोडे थोडे, ही म्हैस पान्हा सोडते. इली आणि पीटरसन यांच्या उपपत्तीप्रमाणे भ्यालेले जनावर पान्हा अडविते. मग गर्दीत न भिण्याची ही सवय तिला लागते कशी? ओळखीचा हात, ठरलेली हाक, पुढ्यातील आंबोण यांपैकी कशाचा त्यात किती वाटा आहे, हे घड्याळ लावून मोजता येण्यासारखे आहे. जुने गवळी ते सांगू शकतील तोवरच ही माहिती गोळा करणे शक्य आहे, आणि गंगावेस विद्यापीठापासून काही फार लांब नाही.