इंदूरमध्ये भाड्याचे घर : परदेशी नागरिकांसाठी कायदा आणि व्यवहार

देवी अहिल्या विश्वविद्यालय, १९९६ मध्ये स्थापन झालेली भारतीय प्रबंध संस्था (आयआयएम) आणि २००९ पासूनची भारतीय तंत्रज्ञान संस्था (आयआयटी) यांमुळे इंदूर हे मध्य भारतातील उच्च शिक्षणाचे महत्त्वाचे केंद्र झाले आहे. वसतिगृहात जागा न मिळालेला किंवा कुटुंबासह आलेला परदेशी नागरिक या शहरात घर शोधू लागतो, तेव्हा भाड्याच्या रकमेपेक्षा कागदपत्रांचा आणि विश्वासाचा प्रश्न त्याला अधिक छळतो. पोर्तुगीज नागरिकत्व स्वीकारलेल्या गोमंतकीय कुटुंबांतील मुलांनाही हे लागू पडते. नाव, भाषा आणि आडनाव येथलेच असले, तरी पारपत्र परदेशी असल्यामुळे कायदा त्यांना परदेशीच मानतो.

शहराची रचना

विश्वविद्यालयाचा तक्षशिला परिसर खंडवा रोडवर असून त्यालगतचा भंवरकुआं भाग विद्यार्थ्यांनी गजबजलेला असतो. येथे एकेका खोलीची उपलब्धता अधिक. शांतता मात्र कमी. विजयनगर आणि पलासिया हे भाग तुलनेने महाग असून तेथे सदनिका व नव्या वसाहती आहेत. आयआयएम राऊजवळ, तर आयआयटी शहरापासून बरीच दूर सिमरोल येथे आहे. त्यामुळे रोजच्या प्रवासाचा हिशेब करूनच भाग निवडणे शहाणपणाचे ठरते. १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली आणि त्यांच्या आश्रयाने मराठी वस्ती वाढली. रामबाग, नारायणबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर या भागांत आजही मराठी घरमालक भेटतात. मराठी बोलणाऱ्या परदेशी भाडेकरूला तेथे ओळखीतून घर मिळण्याची शक्यता अधिक असते.

घरमालकाची जबाबदारी

परदेशी भाडेकरू म्हटला की अनेक घरमालक मागे सरतात. त्यामागे बहुधा पोलिसी चौकशीची धास्ती असते. प्रत्यक्षात नियम स्पष्ट आहे. परदेशी नागरिकाला निवारा देणाऱ्याने तो आल्यापासून २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन कळवावी लागते. ही नोंद वर्षानुवर्षे ‘सी फॉर्म’ या नावाने ओळखली गेली. हॉटेलप्रमाणेच खासगी घरालाही हे बंधन लागू आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या ‘आप्रवास आणि परदेशी नागरिक कायदा, २०२५’ने १९४६ च्या जुन्या कायद्याची जागा घेतली, तरी हे बंधन कायम राहिले. शिक्षणसंस्थांनाही परदेशी विद्यार्थ्यांची माहिती द्यावी लागते. याशिवाय पोलीस आयुक्तालयाच्या आदेशानुसार शहरातील कोणत्याही भाडेकरूची पडताळणी करून घेणे घरमालकाचे काम असते. इंदूरमध्ये आयुक्तालय पद्धत डिसेंबर २०२१ पासून सुरू आहे.

भाडेकरूची जबाबदारी आणि कागदांचा पेच

१८० दिवसांहून अधिक मुदतीच्या व्हिसावर आलेल्या बहुतेक परदेशी नागरिकांना आगमनापासून १४ दिवसांत नोंदणी करावी लागते. ‘ओसीआय’ कार्डधारकांना या नोंदणीतून सूट आहे. पत्ता बदलल्यास मात्र त्यांनाही कळवावे लागते. खरी अडचण वेगळीच आहे. नोंदणीसाठी राहण्याच्या पत्त्याचा पुरावा लागतो. घरमालक आधी नोंदणीचा कागद मागतो. बँक खात्यासाठी पत्ता हवा. आणि घरमालकाला भाडे भारतीय खात्यातून हवे. एकाचे दार दुसऱ्याच्या किल्लीने उघडते. म्हणून पहिले काही दिवस परदेशी पाहुण्यांची नोंद करणाऱ्या अतिथिगृहात काढणे, संस्थेकडून प्रवेशाचे किंवा नोकरीचे प्रमाणपत्र घेणे, त्या आधारे करार करणे आणि मग ‘ई-एफआरआरओ’ संकेतस्थळावर नवा पत्ता नोंदवणे, असा क्रम ठेवल्यास पेच सुटतो. पारपत्र, व्हिसा आणि संस्थेचे पत्र यांच्या प्रती पहिल्याच भेटीत समोर ठेवल्या, तर घरमालकाची निम्मी शंका तेथेच मिटते.

करार, भाडे आणि संरक्षण

बहुतेक करार ११ महिन्यांचे असतात, कारण १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे, हे लक्षात ठेवावे. परकीय चलनविषयक नियमांनुसार भारताबाहेर निवासी असलेल्या व्यक्तीला पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्यासाठी रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही.

मध्य प्रदेशात १९६१ चा स्थान नियंत्रण अधिनियम लागू आहे. तो भाडेकरूला नागरिकत्व विचारत नाही. भाड्याची पावती मिळणे हा भाडेकरूचा हक्क आहे. घर रिकामे करून घेण्यासाठी घरमालकाला कायद्यातील कारण दाखवावे लागते. थकबाकीच्या प्रसंगी मागणीच्या नोटिशीनंतर दोन महिन्यांची संधी मिळते. पाणी किंवा वीज तोडून भाडेकरूला हुसकावता येत नाही. अनामत रकमेला निवासी घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सुचवणारा आदर्श भाडे कायदा केंद्राने २०२१ मध्ये मंजूर केला. परंतु तो राज्याने स्वीकारल्याखेरीज बंधनकारक होत नाही. म्हणून अनामत किती, ती कधी परत मिळणार आणि कोणती दुरुस्ती कोणी करायची, हे करारात लिहून घेणे हाच खरा आधार.

नकार आणि कायद्याची मर्यादा

‘फक्त शाकाहारी’, ‘फक्त कुटुंब’ अशा अटी इंदुरातही ऐकू येतात आणि परदेशी माणसावर त्यांचा भार दुहेरी पडतो. संविधानातील भेदभावविरोधी कलम १५ चे संरक्षण नागरिकांपुरते आहे. खासगी घरमालकाला वंश, आहार किंवा राष्ट्रीयत्वावरून घर नाकारण्यास मनाई करणारा सर्वसाधारण कायदा भारतात नाही. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सभासदत्व समाजापुरते मर्यादित ठेवणारी उपविधी वैध ठरवली होती. त्यामुळे अटी आधीच स्पष्ट विचारून घेणे, हाच व्यवहार्य मार्ग उरतो. इंग्लंडमध्ये २०१६ पासून घरमालकाला भाडेकरूचा वास्तव्याचा हक्क तपासावा लागतो. स्विंडनला गेलेल्या गोमंतकीयांना ही तपासणी नवी नाही. तेथे आपल्या माणसाला जी वागणूक मिळावी असे वाटते, तीच येथे आलेल्या परक्याला देणे घरमालकाच्या हातात आहे.

घर पाहताना विचारण्याजोगे

नळाला नर्मदेचे पाणी येते की बोअरिंगचे, ते रोज येते की दिवसाआड. विजेचा मीटर स्वतंत्र आहे की घरमालक युनिटमागे दर लावतो. दलाली किती आणि कोणी द्यायची, हे आधी ठरवावे. २०१७ पासून सातत्याने स्वच्छतेत अग्रस्थानी असलेल्या या शहरात कचरा घरीच वेगळा करून गाडीत द्यावा लागतो. नव्या रहिवाशाने ती सवय पहिल्या दिवसापासून लावावी. अनामत चेकने किंवा बँकेमार्फत द्यावी आणि पावती घेतल्याशिवाय घराची किल्ली हाती आली असे समजू नये.