ऑनलाईन गेममधला ‘टँक’: सगळ्यांचा मार अंगावर घेणारा खेळाडू

मोहल्ल्यातली मुलं टीमचे ऑनलाईन गेम खेळताना ओरडतात, “टँक कुठंय? टँक, पुढे हो!” ऐकणाऱ्या घरच्यांना वाटतं, रणगाड्यांचा गेम चाललाय. पण टँक ही टीममधली एक भूमिका आहे. शत्रूचा मार स्वतःच्या अंगावर घ्यायचा आणि मागच्या साथीदारांना मोकळेपणाने काम करू द्यायचं, हे टँकचं काम. किती शत्रू मारले याच्या यादीत त्याचं नाव सहसा खालीच असतं. तरीही काही खेळाडू वर्षानुवर्षं हीच भूमिका धरून बसतात. असं का, ते आपण समजून घेऊ या.

ही भूमिका आली कुठून?

१९७४ साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ आला. त्यात चिलखत घातलेला लढवय्या पुढे आणि जादूगार मागे, अशी रचना रूढ झाली. पुढे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कोपनहेगन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी ‘डिकूमड’ हा फक्त अक्षरांवर चालणारा गेम बनवला. त्यात एक आदेश होता: साथीदाराला वाचव. तो दिला की साथीदाराला मारणारा शत्रू तुमच्याकडे वळायचा.

१९९९ च्या ‘एव्हरक्वेस्ट’ आणि २००४ च्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या गेमनी तीन भूमिकांची घडी पक्की केली. मार झेलणारा टँक, जखमींना बरं करणारा हीलर आणि शत्रूला मारणारे हल्लेखोर. वॉरक्राफ्टच्या पाच जणांच्या तुकडीत एक टँक, एक हीलर आणि तीन हल्लेखोर असतात. ‘फायनल फँटसी १४’ मध्ये छोटी तुकडी चौघांची असते, त्यात टँक एक. मोठी तुकडी आठ जणांची, त्यात टँक दोन.

शत्रू टँकलाच का मारतो?

हा प्रश्न साधा आहे, पण सगळी गंमत यातच आहे. वॉरक्राफ्टसारख्या गेममध्ये शत्रू कॉम्प्युटर चालवतो. कोणाचा किती राग आला आहे, याचा हिशेब तो प्रत्येक खेळाडूसाठी ठेवतो. त्याला मारलं की राग वाढतो, त्याने जखमी केलेल्याला बरं केलं तरी वाढतो. ज्याच्यावर राग जास्त, त्याच्यावर हल्ला. टँकचे वार हलके असले तरी त्यांनी राग खूप वाढतो. शिवाय डिवचण्याचं खास कसब असतं. ते वापरलं की शत्रू ताबडतोब टँककडे वळतो.

वॉरक्राफ्टमध्ये जवळून लढणाऱ्याचा हिशेब टँकच्या ११० टक्क्यांवर आणि लांबून लढणाऱ्याचा १३० टक्क्यांवर गेला, तर शत्रू टँकला सोडून त्याच्याकडे वळतो. म्हणजे टँकने आपला आकडा पुढे ठेवायचा आणि हल्लेखोरांनी हात आवरून मारायचं.

फक्त मार खाऊन मात्र भागत नाही. याच गेममधल्या ओनिक्सिया या ड्रॅगनचं उदाहरण घ्या. सुरुवातीला तिच्याशी चाळीस खेळाडूंपर्यंतची टोळी लढायची. ती तोंडातून आग ओकते आणि शेपटीने लोकांना उडवून देते. म्हणून टँक तिचं तोंड टीमपासून दुसरीकडे वळवून ठेवतो आणि बाकीचे तिच्या बाजूला उभे राहतात. टँकने चुकीच्या दिशेला पावलं टाकली की ड्रॅगन वळतो आणि आगीत अख्खी टोळी सापडते.

समोर माणूस असला तर?

माणसाला असं डिवचता येत नाही. समोरचा खेळाडू सरळ टँकला वळसा घालून हीलरला गाठतो. म्हणून माणसं विरुद्ध माणसं अशा गेममध्ये टँकचं काम वेगळं असतं. तो जागा अडवतो.

२०१६ च्या ‘ओव्हरवॉच’ मधला राइनहार्ट पहा. त्याच्याकडे भलीमोठी पारदर्शक ढाल असते. तिच्या आडून साथीदार गोळ्या झाडतात. पण ढाल धरलेली असेपर्यंत त्याला हातोडा चालवता येत नाही, आणि सतत मार बसला तर ढालही फुटते. कधी धरायची, कधी खाली घ्यायची, कधी पुढे सरकायचं, हे त्यालाच ठरवावं लागतं. २०२१ मध्ये आलेल्या ‘पोकेमॉन युनाइट’ मध्ये हेच काम ‘डिफेंडर’ म्हणून स्नोरलॅक्ससारखे पोकेमॉन करतात.

मग ओढ कशाची?

पहिली गोष्ट म्हणजे पुढाकार. लढाई कधी सुरू करायची, किती शत्रू एकदम अंगावर घ्यायचे, कुठे थांबायचं, हे बहुतेक वेळा टँकच्या पावलांवर ठरतं. कोणी कॅप्टन नेमलेला नसला तरी लोक त्याच्या मागे चालतात.

दुसरी गोष्ट, भरवसा. टँक जिवंत राहतो तो हीलरमुळे आणि हीलर जिवंत राहतो तो टँकमुळे. अनोळखी माणसाशी एक शब्दही न बोलता असा मेळ जमला, तर त्याचा आनंद वेगळाच असतो.

तिसरी गोष्ट क्रिकेटवरून चटकन कळेल. १९ जानेवारी २०२१ रोजी ब्रिस्बेनला भारताने कसोटी जिंकली. नाबाद ८९ करणारा ऋषभ पंत सगळ्यांना आठवतो. पण त्याच डावात चेतेश्वर पुजाराने अंगावर चेंडू झेलत २११ चेंडूंत ५६ धावा केल्या. तो टिकला म्हणून दुसऱ्यांना फटके मारता आले. टँक आवडणाऱ्या खेळाडूला नेमकं हेच समाधान हवं असतं: आपण उभे होतो म्हणून बाकीच्यांचं काम झालं.

तरी टँक कमी का पडतात?

कारण चूक लपत नाही. तीन हल्लेखोरांपैकी एक ढिला पडला तर लढाई थोडी लांबते. टँक पडला की बहुतेक वेळा सगळे पडतात आणि बोल त्यालाच लागतात. नवखा खेळाडू दोनदा शिव्या खातो आणि ही भूमिका सोडून देतो.

ही टंचाई कंपन्यांनाही भोवली. हल्लेखोरांना रांगेत ताटकळावं लागायचं, टँकला मात्र लगेच जागा मिळायची. २०११ मध्ये वॉरक्राफ्टने टंचाई असलेली भूमिका घेणाऱ्यांना जादा बक्षीस द्यायला सुरुवात केली. ओव्हरवॉचने २०१९ मध्ये सहा जणांच्या टीममध्ये दोन टँक, दोन हीलर, दोन हल्लेखोर असा नियम आणला. २०२२ च्या ‘ओव्हरवॉच २’ मध्ये टीम पाचाची केली आणि टँक एकच ठेवला. रांगेचा प्रश्न हलका करण्याचा तो प्रयत्न होता, पण सगळा भार एकट्यावर आला.

आम्हाला वाटतं, ओढ आणि भीती दोन्हींचं मूळ एकच आहे, जबाबदारी. ती बक्षिसाच्या थैलीने थोडे दिवस घेता येते. टिकते ती साथीदारांच्या वागण्यावर.

नव्यांसाठी आणि घरच्यांसाठी

टँक खेळायचा असेल तर आधी ओळखीच्या मित्रांसोबत खेळा आणि “मी नवीन आहे” हे सुरुवातीलाच सांगून टाका. एकावेळी थोडेच शत्रू अंगावर घ्या. मागे वळून हीलर पोहोचला का ते पहा. शिवीगाळ करणाऱ्याचा आवाज बंद करायची सोय बहुतेक गेममध्ये असते, ती बिनदिक्कत वापरा. आणि तुम्ही हल्लेखोर असाल तर टँकला सावरायला दोन क्षण द्या.

घरच्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. असे गेम मध्येच थांबवता येत नाहीत आणि टँक उठला की बाकीचे अडकतात. त्यामुळे “जेवायला ये” म्हटल्यावर “अम्मी, पाच मिनिटं” हे उत्तर दर वेळी बहाणाच असेल असं नाही. पण जेवणाची, अभ्यासाची वेळ मुलांनाही ठाऊक असते. डाव किती वेळ चालेल याचा अंदाज घेऊनच तो सुरू करायचा, हा नियम घरात आधीच ठरवून टाका. टीमची जबाबदारी घेणाऱ्या मुलाला तो पाळणं अवघड जाऊ नये.