शाळेच्या रजिस्टरातलं बापाचं नाव

पाटील आणि महारवाड्यातली बाई यांची गोष्ट निघाली की सिनेमावाल्यांना त्यात अधुरी प्रेमकहाणी दिसते. शरणकुमार लिंबाळे यांचं 'अक्करमाशी' (1984) वाचल्यावर तो शब्द तोंडातून निघत नाही. अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरची मसामाई नवऱ्यासोबत शेतात राबत होती. पाटलाच्या नादाने तिचा संसार मोडला, आधीची मुलं तुटली. मग पाटलापासून शरणकुमार झाले आणि पाटलाने हात झटकले. ज्याच्या रानावर पोट चालतं, त्याला नाही म्हणायची सोय मसामाईला होती का? आधी याचं उत्तर द्या, मग प्रेमाचं बोलू.

खरा सामना झाला तो शाळेत. भोसले गुरुजींनी रजिस्टरात बाप म्हणून पाटलाचंच नाव लावलं. ते काढून टाका म्हणून पाटील शाळेत धावत आला. गुरुजी बधले नाहीत. गावाला वाकवणारा माणूस शाईच्या एका ओळीने हादरला!

आणि कायद्याने तर त्याला घाबरायचं कारणच नव्हतं. जुन्या हिंदू कायद्यात शूद्राच्या दासीपुत्राला इस्टेटीत वाटा होता, द्विजाच्या दासीपुत्राला फक्त पोटगी. म्हणजे बाप कोण हे ठरवतानाही वर्ण आधी. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने विवाहाबाहेरच्या मुलाचं नातं फक्त आईशी जोडलं. शरणकुमारांचा जन्मही 1956 चाच, धम्मदीक्षेच्या वर्षातला. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अवैध विवाहातल्या मुलांना आईबापाच्या वडिलोपार्जित हिश्श्यात वाटा मान्य केला, पण त्यासाठी निदान अवैध का होईना, लग्न लागलेलं हवं. पाटलाने तेवढीही तसदी घेतली नव्हती.

बारा मासे म्हणजे एक तोळा. अकरा भरले की अक्करमाशी, एक मासा कमी. कमी कोण पडलं, तर पोर! बाप मात्र पुरा तोळा.

करमाळा तालुक्यात वाढलेल्या किशोर काळे यांनी हे वजनच नाकारलं. तमाशात नाचणाऱ्या शांताबाईंचा हा मुलगा, बाप राजकारणातला वजनदार माणूस. पोरगा डॉक्टर झाला आणि 1994 मध्ये 'कोल्हाट्याचं पोर' लिहिताना मधलं नाव आईचं लावलं, किशोर शांताबाई काळे. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव सरकारने सक्तीचं केलं, ते त्यानंतर तीस वर्षांनी. तरी आमच्या केडगावात फॉर्म भरताना एकट्या बाईला आजही पहिला प्रश्न येतो, "वडिलांचं नाव सांगा."