चिलमीची जाहिरात आणि कायदा

चिलीम ही वस्तू मुळात निरुपद्रवी. तीत तंबाखू भरली तर ती म्हाताऱ्याचा विरंगुळा. गांजा भरला तर अपराधाचे साधन. मग चिलीम विकणारा दुकानदार अपराधी केव्हा ठरावा? अमेरिकेत १९७०नंतरच्या दशकात हा प्रश्न गावोगावच्या कारभाऱ्यांपुढे उभा राहिला.

शिकागोजवळच्या हॉफमन इस्टेट्स या गावाने १९७८ साली एक नियम केला. गांजासाठी घडविलेली किंवा त्या उपयोगासाठी म्हणून मांडलेली वस्तू विकणाऱ्याने १५० डॉलरचा परवाना घ्यावा, अल्पवयीनांस माल देऊ नये, आणि गिऱ्हाइकांची नावे व पत्ते पोलिसांस पाहता येतील असे लिहून ठेवावेत. हे शेवटचे कलम सचोटीच्या माणसालाही दचकविणारे होते. ‘फ्लिपसाइड’ नावाचे ध्वनिमुद्रिकांचे दुकान न्यायालयात गेले. नियमाची भाषा संदिग्ध आहे आणि तो भाषणस्वातंत्र्यावर घाला घालतो, असे त्याचे म्हणणे. अपील न्यायालयाने नियम संदिग्ध ठरविला. परंतु ३ मार्च १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला.

न्यायमूर्ती थरगुड मार्शल यांच्या निकालपत्रातील एक तपशील मोठा बोलका आहे. दुकानात चिलमी व रंगीत कागद यांच्या लगतच गांजाच्या लागवडीचे पुस्तक मांडलेले होते. पुस्तक विकण्यास बंदी नव्हती. साध्या चिलमीसही नव्हती. पण दोहोंचा शेजार गिऱ्हाइकाला पाटीवाचून सारे सांगत होता! बेकायदा व्यवहाराचे आमंत्रण देणाऱ्या शब्दांस सरकार मनाई करू शकते, असे न्यायालयाने म्हटले.

भारतात असाच वाद आधी येऊन गेला होता. १९५४च्या जादूई औषधांच्या जाहिरातींविषयीच्या कायद्याला हमदर्द दवाखान्याने आव्हान दिले, तेव्हा १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा व्यापारी जाहिरातीस भाषणस्वातंत्र्याचे संरक्षण नाकारले. मात्र रोगांची यादी सरकारला हवी तशी वाढवू देणारा भाग रद्द केला.

अमेरिकेत पुढे मोकळीक आणखी आवळली गेली. १९७९च्या नमुना कायद्याने वर्तमानपत्रात किंवा हस्तपत्रकात अशा साधनांची जाहिरात देणे हाच स्वतंत्र गुन्हा मानला होता. १९८६ साली केंद्रीय कायदा झाला, आणि वस्तू कोणत्या जातीची हे ठरविताना तिची जाहिरात व दुकानातील मांडणी हीही पुराव्यात धरली जाऊ लागली. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. आपला माल बहुधा मादक द्रव्यांसाठीच वापरला जाईल याची विक्रेत्याला जाणीव होती, हे सिद्ध करण्याचा भार मात्र त्याने सरकारवर ठेवला.